आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : फवारणीच्या दीडशे वर्षांचा धडा



फवारणी म्हटली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "कोणतं औषध मारू?" दुकानातही हाच प्रश्न, पारावरही हाच. औषध कुठे पडले पाहिजे, केव्हा पडले पाहिजे आणि मारणाऱ्याच्या अंगावर किती पडते, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. खरे सांगायचे तर गेल्या दीडशे वर्षांत जगभरच्या शेतकऱ्यांनी फवारणीत जे कमावले आणि जे गमावले, ते बहुतेक या तीन प्रश्नांपायीच. म्हणून आज नव्या औषधांची यादी न देता फवारणीची जुनी हकिगत सांगणार आहोत. ती वाचा आणि मग आपल्या पंपाकडे एकदा नीट बघा.

औषध होते, पण ज्ञान नव्हते

सन १८४५. युरोपातल्या आयर्लंड देशात गोरगरिबांचे मुख्य अन्न बटाटा. त्या वर्षी बटाट्यावर करपा आला. पाने काळी पडली, शेतेच्या शेते सडली, जमिनीतले बटाटेही नासले. पुढची काही वर्षे हेच चालले. या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि तितकीच देश सोडून गेली.

आता गंमत बघा, गंमत कसली, दुर्दैवच ते. करप्याला अटकाव करणारे मोरचूद आणि चुना हे दोन्ही पदार्थ त्या वेळी बाजारात मिळत होते. इतकेच नव्हे, तर फ्रान्समधल्या प्रेव्हो नावाच्या अभ्यासकाने १८०७ सालीच दाखवून दिले होते, की गव्हावरचा काणी रोग सूक्ष्म बुरशीमुळे होतो आणि मोरचुदाच्या पाण्यात बी भिजवले तर तो आटोक्यात येतो. पण पुष्कळ विद्वानांचा त्यावर विश्वास बसला नाही. बटाटा सडतो तो दमट हवेने, बुरशी मागाहून येते, असाच समज चालू राहिला. रोग कशाने होतो हेच ठाऊक नाही, तर औषध हाताशी असून काय उपयोग?

द्राक्षचोरांनी दिलेले औषध

पुढची गोष्ट फ्रान्स देशातली. तिथल्या द्राक्षबागांना आधी फायलोक्सेरा नावाच्या, मुळांवर राहणाऱ्या किडीने ग्रासले. तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन द्राक्षाच्या मुळांवर कलमे बांधायची असे ठरले आणि अमेरिकेतून रोपे येऊ लागली. पण अमेरिकेहून केवडा रोगही तिथे पोचला. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये दिसला आणि बघता बघता वेली निष्पर्ण होऊ लागल्या.

बोर्दो शहरी अलेक्सिस मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात ते मेदोक भागातल्या सें-झुलियां गावच्या द्राक्षमळ्यातून चालले होते. पाहतात तो काय, सगळ्या बागेची पाने गळालेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार! त्या पानांवर निळसर डाग होते. चौकशी केली तेव्हा कळले, की जाणारे-येणारे द्राक्षे तोडून नेतात म्हणून मळेवाले कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडतात. विषारी दिसले की चोर हात लावीत नाही, एवढाच हेतू.

दुसरा कोणी असता तर हसून पुढे गेला असता. मियार्दे थांबले. युलिस गायों या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन आणि डोझाक मळ्याचा कारभारी अर्नेस्ट दाविद याच्या मदतीने त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली कृती जाहीर केली. शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद, तीस लिटर पाण्यात पंधरा किलो चुना, आणि दोन्ही एकत्र. हेच आपले बोर्डो मिश्रण. नाशिक-सांगलीची द्राक्षबाग असो की कोकणातली सुपारीची वाडी, ते आजही आपल्या कामी येते.

मियार्दे यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती औषधाइतकीच मोलाची आहे. हे औषध रोग बरा करणारे नाही, रोग येऊ न देणारे आहे. बुरशीचे बीज पानावर पडून रुजायच्या आत मोरचुदाचा थर पानावर हवा. बुरशी एकदा आत शिरली की वरून कितीही मारा, वरातीमागून घोडे!

मग हे घट्ट मिश्रण वेलीवर घालायचे कसे? सुरुवातीला मजूर एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात कुंचा घेऊन पानांवर शिंतोडे उडवीत. एका पानावर चमचाभर, तर शेजारचे पान कोरडे! अशाने औषधही फार लागे आणि माणसेही फार.

भोवऱ्याने पाणी फोडले

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळीच लढाई चालू होती. तिथे १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी 'पॅरिस ग्रीन' नावाचे सोमलाचे जहाल हिरवे विष वापरात आले होते. कापसाच्या अळीवरही ते मारीत. पण अळी असते पानाच्या खालच्या अंगाला आणि औषध पडते वरून. सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली आणि त्यांचे सहकारी यांनी यावर डोके चालवले आणि १८८० च्या दशकात एक छोटीशी पितळी डबी तयार केली. डबीत पाणी एका कडेने शिरते, आतल्या आत भोवऱ्यासारखे गरगर फिरते आणि बारीक भोकातून छत्रीसारखे पसरून बाहेर पडते. डबी नळीच्या टोकाला बसवायची आणि खालून वर तोंड करून धरायची. तिला 'सायक्लोन नोझल' म्हणत.

फ्रान्समध्ये व्हिक्तॉर व्हेर्मोरेल या कारखानदाराने अशा नोझलमध्ये भोक मोकळे करण्याची सुई बसवली आणि पाठीवर घेण्याचे तांब्याचे पंप बनवले. एका हाताने दांडा हलवायचा आणि दुसऱ्या हातात नळी. ओळखलेत ना? तुमच्या पडवीत टांगलेला पाठपंप त्याच घराण्यातला. तांब्या-पितळेच्या जागी प्लॅस्टिक आले आणि दांड्याच्या जागी बॅटरी आली. आतला भोवरा मात्र तोच आहे.

या भोवऱ्याचे महत्त्व हिशेबाने समजून घ्या. एक थेंब फोडून त्याचे निम्म्या जाडीचे थेंब केले तर किती होतील? दोन नव्हे, आठ! पाणी तेवढेच, औषध तेवढेच, पण एका जागी पडण्याऐवजी ते आठ जागी पडते. म्हणून बोर्डो मिश्रणाचे प्रमाण पुढच्या काही वर्षांतच खाली आले. आज आपण एक टक्क्याचे मिश्रण करतो ते एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाण्याचे. मूळ कृतीशी ताडून पाहा. थेंब सुधारल्यावर मोरचूद इतके कमी पुरते!

पण बारीकपणालाही मर्यादा आहे, बरं का. धुक्यासारखा थेंब पानावर बसतच नाही. तो वाऱ्यावर जातो शेजारच्या शेतात, नाहीतर मारणाऱ्याच्या नाकात. उलट थेंब जाड झाले, पान ओथंबून पाणी खाली ठिबकू लागले, तर औषध मातीला पाजले म्हणायचे. कीड पानाखाली आणि औषध ढेकळावर! यालाच आपल्याकडे म्हणतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सुपारीच्या शेंड्यावर

आपल्या मुलखाजवळची एक हकिगत सांगतो. पश्चिम घाटाच्या पावसात सुपारीवर कोळेरोग येतो. फळे कुजून गळतात आणि बागाईतदार हवालदिल होतो. जुन्या काळी म्हैसूर मुलखातले बागाईतदार घडांवर सुपारीच्याच विरीची टोपी बांधीत. घड कोरडा राहिला तर रोग लागत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. म्हैसूर संस्थानात १९०८ साली लेस्ली कोलमन हे शास्त्रज्ञ आले. त्यांनी रोगाचा अभ्यास करून १९१० पर्यंत बोर्डो मिश्रणाचा उपाय बसवून दिला. पाऊस सुरू होण्याच्या बेताला झाडावर चढून नेमके घडच भिजवायचे, ही त्याची रीत.

बघा, टोपीचे आणि फवाऱ्याचे तत्त्व एकच. पावसाचे पाणी आणि रोगाचे बीज घडावर पोचण्याआधी मधे पडदा उभा करायचा. बापजाद्यांचे निरीक्षण आणि शास्त्र यांत दर वेळी भांडण असतेच असे नाही.

पांढऱ्या पावडरीचे दिवस

१९३९ साली स्वित्झर्लंडच्या पाउल म्युलर यांनी डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा मारले की आठवडेच्या आठवडे कीड फिरकत नसे. आपल्या देशात १९५२ पासून बी.एच.सी. तयार होऊ लागले. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, गॅमेक्सिनची पांढरी पावडर फडक्यात बांधून पिकावर झटकलेली त्यांना आठवत असेल. ना नोझल, ना माप, ना तोंडाला फडके. औषध इतके जालीम, की थेंब कुठे पडतो हे बघायची गरजच उरली नाही असे लोकांना वाटले. फवारणीची कला इथेच मागे पडली.

पण किडीही गप्प बसल्या नव्हत्या. १९१४ सालीच अमेरिकेतल्या मेलँडर या शास्त्रज्ञाने सवाल केला होता, की किडी औषधाला सरावतात काय? फळझाडांवरची खवले कीड गंधक-चुन्याच्या औषधाला दाद देईनाशी झाली होती. डी.डी.टी.चेही तसेच झाले. शोधाला दहा वर्षे होतात न होतात तोच युरोपातल्या घरमाश्या तिला पचवू लागल्या. १९६२ साली रॅशेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने एका पुस्तकातून जगाला बजावले, की ही विषे माती, पाणी, मासे, पाखरे यांच्या अंगात साठत जातात. आपल्या देशात शेतीसाठी डी.डी.टी.चा वापर १९८९ साली बंद झाला आणि बी.एच.सी.वर १९९७ साली बंदी आली.

कापसाची कहाणी तर ताजी आहे. १९८० च्या दशकात पायरेथ्रॉइड गटाची औषधे आली. पहिल्या फवाऱ्यातच बोंडअळी टपाटप खाली पडे. लोकांनी पाच-पाच, दहा-दहा फवारे मारले. १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशातल्या गुंटूर-प्रकाशम भागात अमेरिकन बोंडअळी त्या औषधाला जुमानेना. पीक गेले आणि कर्जे डोक्यावर राहिली. २००२ साली बी.टी. कापूस आला आणि अळीचे फवारे कमी झाले. पुढे शेंदरी बोंडअळी त्यालाही सरावली आणि २०१७ च्या सुमारास महाराष्ट्रात तिने मोठे नुकसान केले.

यातून काय घ्यायचे? एकच औषध पुन्हा पुन्हा मारले, की त्यातून वाचलेल्या चार किडी हेच पुढचे बियाणे. दुधात चार थेंब विरजण पडावे तसे हे आहे. म्हणून औषधाचा गट पालटायचा. नुसते नाव किंवा डबा पालटून भागत नाही, गट पालटला पाहिजे.

विष माणसाला लागते तेव्हा

१९५८ साली केरळात एक भयंकर प्रकार घडला. जहाजातून येताना धान्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडले. ते अन्न पोटात जाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली, देशात १९६८ साली कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ साली त्याचे नियम झाले. डब्यावरचा चौकोन त्यातूनच आला. त्यातला लाल रंग म्हणजे अति जहाल, मग पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. वाचता येत नसले तरी रंग तर दिसतो! तो रंग केरळातल्या त्या माणसांच्या जिवाची किंमत मोजून मिळाला आहे.

आणि २०१७ साली यवतमाळात काय झाले, ते आपण विसरता कामा नये. त्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने फवारणारे पुष्कळ होते. कपाशी खांद्याच्या वर गेलेली. नळी तोंडासमोर धरून वर मारायची, म्हणजे फवारा आपल्याच अंगावर. आत वारा नाही, उकाड्याने अंगाला घाम, आणि घामेजलेल्या कातडीतून विष लवकर आत शिरते. दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवलेली. पंप जोराचा, त्यामुळे तुषार बारीक. तोंडाला फार तर उपरणे. कोणी विष प्यायले नव्हते, बंधूंनो. ते कामच करीत होते.

आता आपल्या शेतात

ही सगळी हकिगत सांगितली ती या पुढच्या गोष्टींसाठी. नीट ध्यानात घ्या.

१. आधी बघा, मग मारा. कपाशीत दर पानाला दोन-तीन तुडतुडे दिसेपर्यंत औषधाची घाई नको. शेंदरी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. लागोपाठ तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा शंभरातली दहा हिरवी बोंडे किडलेली निघाली, तरच फवारा. सुरुवातीच्या किडीला पाच टक्के निंबोळी अर्क पुष्कळदा पुरतो. बुरशीचे मात्र उलटे आहे. तिथे ढगाळ, दमट हवा दिसताच पडदा आधी उभा करायचा.

२. नोझल बघून घ्या. कीड आणि रोगासाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल, तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. भोक झिजून मोठे झाले तर नोझल बदला. आठ दिवस मागेपुढे करू नका, ते औषधापेक्षा स्वस्त आहे. भोक तुंबले तर तोंडाने कधीही फुंकू नका. जुना दातांचा ब्रश आणि पाणी घ्या.

३. पानाची खालची बाजू भिजवा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिथेच असतात आणि द्राक्षाचा केवडाही तिथूनच आत शिरतो. पान ओलसर दिसले की पुढे चला, पाणी ठिबकेपर्यंत थांबू नका.

४. एकराला पाणी किती, ते मोजा. पंपात स्वच्छ पाणी भरा. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे एक गुंठा पीक, नेहमीच्या चालीने फवारा आणि किती पाणी लागले ते मोजा. त्याला चाळीसने गुणा, एकराचा आकडा मिळाला. समजा गुंठ्याला ५ लिटर लागले, तर एकराला २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे सव्वातेरा पंप. डब्यावर एकरी ४०० मिलिलिटर सांगितले असेल तर पंपाला ३० मिलिलिटर. तोच माणूस बॅटरीच्या पंपाने गुंठ्याला ६ लिटर मारू लागला, तर एकराला १६ पंप लागतील आणि पंपाला २५ मिलिलिटरच पुरेत. तो जुन्याच सवयीने ३० टाकील तर एकरी ८० मिलिलिटर औषध फुकट जाईल. झाकणाने अंदाज घेणे सोडा, मापपात्र घ्या.

५. बोर्डो करताना मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवा. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओता आणि काठीने ढवळत राहा. मग त्यात स्वच्छ विळा बुडवून बघा. पात्यावर तांबडे चढले तर चुना कमी आहे, तो वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

६. मनाने मिसळण करू नका. ज्या दोन औषधांच्या मिश्रणाची लेखी शिफारस नाही, ती एका पंपात घालू नका.

७. वारा बघा, वेळ बघा. सकाळी किंवा दुपार कलल्यावर, वारा मंद असताना मारा. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून चालू नका. पीक डोक्याच्या वर गेले असेल तर आत शिरून फवारू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि बूट ही सामग्री मालकाने मजुरालाही दिलीच पाहिजे. फवारताना खाणे, तंबाखू, विडी बंद. काम संपताच साबणाने आंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा.

८. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग डब्याला भोके पाडा. पंप विहिरीवर, ओढ्यात धुऊ नका.

९. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांची जळजळ किंवा अंधुक दिसणे यांतले काहीही जाणवले तर काम तिथेच थांबवा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या. औषधाचा डबा किंवा लेबल बरोबर घ्या, कारण कोणते विष हे कळले तर डॉक्टरांना योग्य इलाज करता येतो. घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

बंधू-भगिनींनो, औषधाचा दर आपण दुकानात घासाघीस करून कमी करतो. पण खरी बचत नोझलच्या भोकाशी आणि मापाच्या खुणेशी आहे, आणि जिवाची बचत हातमोज्यांत. हे पत्रक घरात कोपऱ्यात न ठेवता पंपाशेजारी लावा. घरात जो फवारतो, आणि तुमच्या शेतात जो मजूर फवारतो, त्याला ते वाचून दाखवा. आज संध्याकाळीच एक गुंठ्याचे पाणी मोजून बघा, आणि आकडा पंपावर रंगाने लिहून ठेवा.